मंदाच्या मायसंगं समुद्रापर्यंत

मी चौथी शिकलेला सुतार आहे. जन्मभर तिफणी, डवरे, दारं, खाटा केल्या. लिहायचा सराव नाही. पण ज्या मुलखात मी तीन आठवडे फिरून आलो तिथं आमच्या भागातलं, माझ्या वयाचं कोणी गेल्याचं मला ठाऊक नाही. म्हणून मुलीच्या घरातली कोरी वही घेऊन हे उतरवतो. तो मुलूख अकोल्यात आहे, रफीकच्या सायबर कॅफेत, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमध्ये. ज्याला हसायचं त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

निघण्याआधी

आमचं गाव भातकुलीच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. बायकोनं बेचाळीस वर्षं ते पाणी डोक्यावर वाहिलं. इतक्या वर्षांत तिनं माझ्याजवळ मागितलं म्हणावं असं एकच. गावातल्या काही जणांची गाडी समुद्राकाठच्या देवाच्या यात्रेला निघाली होती, तेव्हा म्हणाली, "मले एक डाव समुद्र दाखवा ना."

मी रंधा मारत होतो. मान वर न करता म्हटलं, "काहून? खारं पाणीच पाहाचं असन तं हिरीत वाकून पाह्य."

ती हसली आणि आत गेली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. मीही काढला नाही.

मग तिच्या किडन्या गेल्या. अमरावतीच्या एका मोठ्या दवाखान्यात ती वारली. ती वर्षं अशी होती की आमच्याकडं कोण शेतात जाऊन औषध प्यायला, याचीच बातमी रोज असायची. पुढाऱ्यांच्या गाड्या यायच्या, फोटो निघायचे. तिच्या तेरवीला पंगतीत एक जण मला म्हणाला, "मिस्त्री, तुमची तं देवानं नेली. बाकीच्यायचं पाहा काय झालं." त्याचं काही चूक नव्हतं. पण साध्या आजारानं गेलेल्या बाईसाठी रडायचीही त्या साली चोरी झाली होती.

मंदानं, माझ्या मुलीनं, मला अकोल्याला आणलं. दोन खोल्यांचं घर. दिवसभर टीव्ही. तिच्याच गल्लीच्या तोंडाशी रफीकचं दुकान. रफीक चाळिशी ओलांडलेला, घरात उर्दू बोलतो, दुकानात वऱ्हाडी आणि गिऱ्हाईक पुण्याचं असलं तर एकदम पुस्तकातली मराठी. त्याच्या कॉम्प्युटरभोवतीच्या फळीच्या आडोशांची दारं निखळली होती, ती बसवायला त्यानं मला बोलावलं. मी खाली बसून बिजागरीचे स्क्रू पिळत होतो आणि समोरच्या रिकाम्या कॉम्प्युटरवर निळं पाणी हलत होतं. लाट यायची, वाळू ओली करून जायची.

"हे कुठचं?" मी विचारलं.

"खेळातलं हाय काका. दुनियाभरचे लोकं एकाच टायमाले खेळतात. इतका मोठा मुलूख हाय, मी सालभर फिरून रायलो तरी अर्धाबी नाही झाला."

"तिथं जाता येते?"

"येते. पण जिथून सुरुवात होते तिथून लय दूर. पैदल जा लागते. अन रस्त्यानं जनावरं."

"पैदल जाऊ. मले कोणता धंदा अडून रायला?"

रफीकनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि खुर्ची ओढून दिली. कॉलेजची पोरं चारनंतर यायची, तोवर दुकान रिकामंच असायचं.

पहिलं गाव

तिथं जायचं तर आधी माणूस घडवावा लागतो. रफीकनं विचारलं, बाई का बाप्या? मी म्हटलं, "मी कुठं चाललो? मी तं खुर्चीवरच हाय. बाई कर."

चेहरा तरण्या पोरीचा निघाला. केस पांढरे करता येत होते, ते केले. मग तो म्हणाला, "आता नाव सांगा."

"मंदाची माय लिव."

"इतकं नाही बसत. एकच शब्द पाह्यजे."

"मंग नुसतं माय लिव."

"ते घेतलं कोणं तरी."

आमच्यात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. लग्नात बायांनी दार अडवलं तेव्हा उखाण्यात एकदा घेतलं होतं. त्यानंतर सगळा संसार 'अवो' आणि 'मंदाची माय' एवढ्यावर झाला. दवाखान्यात कागदावर लिहायला नाव विचारलं तेव्हासुद्धा जावयानं सांगितलं. मी उठून दुकानाच्या दारापर्यंत गेलो, परत आलो आणि म्हणालो, "कौसाबाई."

रफीकनं मान खाली घालून ते टाईप केलं. तिच्या डोक्यावर हिरव्या अक्षरांत ते नाव उभं राहिलं. ती जाईल तिकडं ते नावही जायचं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण त्या अक्षरांचा आकार मी त्या दिवसापासून ओळखतो.

कपड्यांवरून भांडण झालं. पोट उघडं, मांड्या उघड्या.

"हे काय नेसवलं बे?"

"काका, इथं सगळ्या अशाच असतात."

"असू दे सगळ्या. हिचं नाही चालत."

त्यानं तिथल्या दुकानातून मातकट रंगाचा पायघोळ झगा घेऊन तिला घातला. लुगडं नव्हतं, पण अंग झाकलं.

आता गावाचं सांगतो. घरं सगळी लाकडाची, आणि मोठ्या चांगल्या लाकडाची. पण सांधा कुठं दिसत नाही. चौकटीला खाचेत बसवायची कूस नाही, दाराला बिजागरी नाही, तरी दार उघडतं. असलं काम मी केलं असतं तर लोकांनी गावातून हाकललं असतं. विहिरीवर रहाट आहे, दोर आहे, पण पाणी शेंदताना मी एकही बाई पाहिली नाही.

"पाणी पेता येते का ह्या हिरीचं?" मी रफीकला विचारलं.

"नाही. दुकानातून इकत घ्या लागते."

"म्हणजे आमच्याच गावासारखं."

लोक चालत नाहीत, पळतात. कोणाच्या घराला आग लागली म्हणावं तसे. राम राम नाही, कुठले तुम्ही म्हणून विचारणं नाही. लांडगे मारायचे, कातडी आणून द्यायची, असली कामं सांगणारी माणसं चौकात उभी असतात. मी एकही काम घेतलं नाही. आम्ही समुद्रावर निघालो होतो.

एक गोष्ट मात्र मला आवडली. भाकर खायला दिली की ती जमिनीवर बसते आणि खाऊन होईपर्यंत उठत नाही. घरी मी तिला असं कधी पाहिलं नाही. सगळ्यांचं झालं की चुलीपुढं उकिडवी बसायची, भगोणं हातात धरून चार घास खायची, मध्येच कोणी हाक मारली की उठायची. इथं भूक नसली तरी मी तिला दिवसातून दोनदा बसवायचो.

पूल

तिसऱ्या दिवशी पुलावर पोचलो. इथं तिनं लोकांना नमस्कार करावा असं मला वाटलं. रफीकनं एका चिठ्ठीवर इंग्रजी शब्द लिहून दिले होते. नमस्काराचा, बसायचा, हसायचा, असे एकाखाली एक. ते पाहून एक एक अक्षर दाबायचं. समोरून चिलखत घातलेला एक मोठा माणूस आला. मी चष्मा लावून अक्षरं दाबली, पण ओळ चुकली. कौसाबाईनं दोन्ही हात वर केले आणि ती कमर हलवून नाचायला लागली.

"बंद कर! बंद कर बे!" मी ओरडलो.

रफीक हसून हसून खाली बसला. "काका, तुमी हलवा तिले, म्हणजे थांबन!" पण तिला चालवायचं बाणाचं बटण कुठलं ते मला सुचेना. चिलखतवाला थांबून पाहत होता. आणि नेमकी तेव्हाच मंदा डबा घेऊन दारात आली. ती दहावी झालेली आहे. तिनं हिरवं नाव वाचलं.

"बाबा, हे मायचं नाव हाय?"

कौसाबाई नाचतच होती.

"लोकाईच्या पुढं तुमी मायले नाचवून रायले?"

"चुकून झालं, मंदे. समुद्र दाखवाचा हाय तिले."

"जिती होती तेव्हा दाखवला असता." तिनं डबा टेबलावर आपटला. "अन हे पाणीबी खोटं हाय, बाबा."

"मालूम हाय."

रफीक उठून बाहेर गेला. मंदानं आपटलेला डबा सरळ केला. मग म्हणाली, "वर्षश्राद्धाले तीन आठवडे हाय. तोवर जा काय जाचं ते. त्याच्यानंतर मायचं नाव घेऊन इथं बसाचं नाही. माह्या गळ्याची शपथ."

मी शपथ घेतली. ती गेल्यावर मी बाण दाबला आणि नाच थांबला. लग्नानंतरच्या पहिल्या साली, भुलाबाईच्या गाण्यांवर बायांमध्ये फेर धरताना मी तिला भिंतीआडून पाहिलं होतं. त्यानंतर ती कधी नाचली असली तर मला दिसली नाही. बाण दाबताना माझा हात घसरला आणि ती पुलाच्या कठड्यावरून खाली ओढ्यात पडली. वर यायला वाट सापडेना. त्यात अख्खी दुपार गेली.

बर्फ

पुलापलीकडे दहा-बारा दिवस जंगल आणि माळ. तिथली माती आमच्यासारखी काळी नाही, तांबूस आहे, आणि शेतात मका उभा आहे तो उभाच आहे. त्याला ना कणीस मोडायला कोणी येत ना किडा लागत. त्या साली आमच्याकडं कपाशीची बोंडं झाडावरच काळी पडली होती. ते हिरवं शेत पाहून मला राग आला. मी तिला तिथून भरभर नेलं.

मग चढण लागली आणि बर्फ आला. बर्फ मी पहिल्यांदा तिथंच पाहिला. पडतो तेव्हा जिनिंगमध्ये सरकी वेगळी होताना कापूस उडतो, अगदी तसा दिसतो. तिथं एक अस्वलाच्या तोंडाचा गडी भेटला. कोण्या खऱ्या माणसानंच तो चालवलेला, पण तो माणूस कुठला ते शेवटपर्यंत कळलं नाही. तो तिच्यापुढं येऊन थांबला आणि खाली अक्षरं उमटली.

"काय म्हणते?"

"म्हणते, इतकी कमजोर बाई एकटी इकडं काहून आली? एका झटक्यात मरन."

"सांग त्याले, समुद्र पाहाले चालली म्हणा. इतकी कायजी असन तं तूच पुढं चाल म्हणा."

रफीक हसला, पण त्यानं लिहिलं. आणि तो अस्वलतोंड्या खरंच पुढं चालायला लागला. त्याच्याकडं बसायला मोठा मेंढा होता, त्यावरून तो उतरला आणि आमच्या चालीनं चालला. लांडगे आले की मारायचा आणि वळून पाहायचा, बाई मागं आहे का. अर्ध्या घाटात अकोल्याची लाईट गेली. त्या दिवसांत भारनियमन होतं, गेली की तीन तास. मी मंदाकडं गेलो, जेवलो, पडलो, आणि लाईट आल्यावर परत येऊन पाहतो तर हा त्याच दगडापाशी शेकोटी लावून बसलेला.

तीन तास. माझा सख्खा जावई दवाखान्यात लागोपाठ तीन तास बसला नव्हता.

खिंडीच्या तोंडाशी तो थांबला. पलीकडं त्याचं काम नव्हतं. या खेपेला मी ओळ चुकलो नाही. कौसाबाईनं कमरेत वाकून त्याला नमस्कार केला. त्यानंही केला.

उतार

वर्षश्राद्धाला दोन दिवस उरले होते. मंदाकडं गहू निवडून झाले होते, भटजीला सांगून झालं होतं. ती मला सकाळी म्हणाली, "पोचले का?" मी म्हटलं, "आज."

खिंडीतून खाली झाडी होती. रफीकनं माझ्या कानाला हेडफोन लावून दिला. उतरताना झाडांमधून आवाज यायला लागला. आधी वाटलं वारा आहे. मग कळलं की तो पाण्याचा आहे. मी बाण जोरात दाबला, जसा काही जोरात दाबल्यानं ती लवकर जाईल. शेवटचा चढ होता, टेकाडासारखा, आणि त्याच्या वर नुसतं आभाळ. म्हणजे पलीकडं जमीन नव्हती.

वाघ डाव्या बाजूनं आला. मी पाहिलासुद्धा नाही. ती एकदा ओरडली आणि कुशीवर पडली.

"काही नाही होत काका," रफीक म्हणाला. "हे बटण दाबा. भूत होऊन तिकडल्या कबरस्तानात निघते. तिथून पळत या लागते अन आपल्या आंगात शिरा लागते. मंग जिती. आमी दिवसातून दहा डाव मरतो."

मी हात लावला नाही.

"दाबा ना."

"थांब जरा."

तो थांबला. ती पडलेली होती, झगा गुडघ्यापर्यंत सरकलेला. वाघ निघून गेला. तेवढ्यात वरून एक पांढऱ्या झग्यातली बाई आली, तीही त्या अस्वलासारखीच, दूरच्या कोणी खऱ्या माणसानं चालवलेली. ती कौसाबाईजवळ थांबली, तिनं हात वर केले आणि हातांभोवती उजेड झाला. पडद्याच्या मधोमध एक चौकट आली, तिच्यात दोन बटणं.

"नशीब पाहा काका!" रफीक म्हणाला. "ते इथंच उठवून रायली तिले. इचारते, उठवू का? हो का नाही? लवकर सांगा, मिनिटभरच राहते हे."

असाच कागद माझ्यापुढं एकदा आला होता. आमच्याकडं बाईच्या दुखण्याचं बाप्येच ठरवतात, व्हरांड्यात उभं राहून. मी, जावई आणि तिचा भाऊ. डॉक्टर म्हणाला, मशीनवर घ्यावं लागेल, हो का नाही, लवकर सांगा. ती आत दहा हातांवर खाटेवर जागी होती. दोनच दिवसांआधी तिनं मला म्हटलं होतं, "आता मले घरी न्या. पुरे झालं." मी भिंतीला कागद टेकवून सही केली. आत जाऊन तिला विचारलं नाही. विचारायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं. तिच्या घशात नळी घातली. नळी उपसू नये म्हणून दोन्ही हात पट्टीनं खाटेच्या दांडीला बांधले. चार दिवस ती तशी होती. बोलता येत नव्हतं. मी गेलो की माझ्याकडं पाहायची, आणि मग हाताकडं पाहायची. मी म्हणायचो, "होते बरं, होते बरं." गाठी मीच पाहायचो, ढिल्या झाल्या का.

हे मी मंदाला कधी सांगितलं नाही. त्या दिवशी रफीकला सांगितलं, तेही चार तुटक शब्दांत. चौकट तशीच होती.

"नाही म्हण," मी म्हणालो.

"काका, त्या टेकाडाच्या पल्याड समुद्र हाय. पन्नास पावलं नसन."

"हौ. तरी नाही म्हण. तिले न इचारता पुन्हा नाही उठवत मी."

त्यानं 'नाही' दाबलं. पांढऱ्या झग्यातली थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. रफीकनं डोळ्यांवरून हात फिरवला. बाहेर रस्त्यावर कोणीतरी केळीवाला ओरडत होता.

मग मी विचारलं, "ते दुसरं बटण. भूत होते म्हणतो त्याचं. भुताले जबरदस्ती असते का आंगाकडे जाची?"

"जबरदस्ती नाही. पण जाऊन करते काय, भूत? ना मारता येते, ना काही घेता येते."

"अन जनावरं?"

"जनावराईले दिसतच नाही ते."

"अन हिंडता येते?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "हौ," तो म्हणाला. "हिंडता येते."

ते बटण मी स्वतः दाबलं.

कबरस्तान त्याच डोंगराच्या पलीकडल्या अंगाला निघालं. सगळं राखेच्या रंगाचं झालं होतं, झाडं, आभाळ. तीही तशीच, तिच्या अंगातून मागची गवताची पाती दिसत होती. आणि समोर समुद्र. निळा नव्हता. मंदानं खोटं म्हटलं होतं, तसाच होता तो, खोटा आणि राखी. पण एवढा मोठा होता की मी मान मागं घेतली.

मी तिला खाली नेलं. वाटेत दोन वाघ बसलेले होते, त्यांनी मान वर केली नाही. वाळू लागली. लाटेची रेघ होती तिथं तिला थांबवायचं, पाहू द्यायचं, असं माझ्या मनात होतं. पण बोट म्हाताऱ्याचं, ते उशिरा उठलं. ती एक पाऊल पुढं गेली. मी घाबरलो. ती बुडाली नाही. पाण्याच्या वरच उभी राहिली.

"या अल्ला," रफीक हळू म्हणाला. "हे मलेबी नव्हतं मालूम. मेलो की मी तं आपला सुटतो आंगाकडे पळत."

लाट तिच्या पायांखालून गेली. तिला काही झालं नाही.

"पुढं जाऊ द्याची?" मी विचारलं.

रफीकनं माझ्या हातावरून हात नेऊन एक कळ दाबली. "आता आपली आपली चालते. तुमी हात काढा काका."

मी हात काढला. ती चालू लागली. किनारा मागं बारीक झाला, मग डोंगराची एक रेघ राहिली, मग तीही गेली. चारी बाजूंनी पाणी. ना बेट, ना नाव, ना कोणी माणूस. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो होतो. किती वेळ ते सांगता येत नाही.

"वापस कशी आणाची?" शेवटी रफीकनं विचारलं.

"नाही आणाची."

मंदानं दुपारी भटजीकडून सामानाची यादी आणायला सांगितलं होतं. मी हेडफोन काढून खुर्चीवर ठेवला आणि चपला घातल्या. दारातून वळून पाहिलं तेव्हा ती चालतच होती.